सोन्याहून महाग पोलाद

पोलाद सोन्याहून महाग असते असे आम्ही म्हटले, तर श्रोते हसतील. पण जुन्या मनगटी घड्याळांच्या बाजारात ही गोष्ट खरी आहे. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या पेढीने १९४१ मध्ये '१५१८' क्रमांकाचे घड्याळ काढले. लीप वर्षाचा हिशेब स्वतःच ठेवणारी दिनदर्शिका आणि सेकंद मोजण्याची सोय, दोन्ही त्यात एकत्र होती. अशी २८१ घड्याळे झाली, बहुतेक सोन्याची. पोलादी अवघी चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात सुमारे १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांना गेले.

मग संग्राहक विकत घेतो ते काय? धातू नव्हे आणि अचूक वेळही नव्हे. ती तर आजचे स्वस्त घड्याळही देते. तो घेतो दुर्मिळता आणि अस्सलपणा. म्हणून पारखी पाहतो, की तबकडी मूळची आहे की पुन्हा रंगवलेली, कडा शाबूत आहेत की पॉलिशने झिजलेल्या, आणि यंत्रावरचा क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी जुळतो की नाही. पॉलिशने गेलेला धातू परत येत नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबांचे घड्याळ पेटीत पडून असेल. त्याला बाजारात कदाचित किंमत येणारही नाही. तरी ते साफसूफ करून, तेल घालून चालू जरूर करावे. मात्र ते नव्यासारखे दिसावे, असा आग्रह घड्याळजीपाशी धरू नये. त्यावरचे ओरखडे आजोबांच्या मनगटाचे आहेत. ते पुसले, तर आपल्या हाती उरेल ते कोणाचेही घड्याळ.