तापणे आणि वाळणे : विजेवर चालणाऱ्या ड्रायरविषयी

मराठीत ‘तापणे’ आणि ‘वाळणे’ या क्रिया भिन्न आहेत. कपडे ‘वाळत घालावयाचे’ असतात, तापत घालावयाचे नव्हेत. ताप हे वाळण्याचे एक साधन होय. वाऱ्याचे साहाय्य नसेल तर ते अपुरे पडते. उत्तर अमेरिकेत घरोघर आढळणाऱ्या विजेच्या ड्रायरसंबंधी विचार करताना हा भेद नेमका विसरला जातो. कपडे दमट राहिले की यंत्र तापत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः पुष्कळदा ते तापत असते; वाहत नसते ती हवा.

यंत्राची रचना साधी आहे. पंखा खोलीतील हवा ओढतो, ती तापलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून फिरत्या पिंपात शिरते आणि कपड्यांतील बाष्प घेऊन नळीवाटे घराबाहेर पडते. वेटोळ्याला सुमारे ५,००० वॅट शक्ती लागते व ते २४० व्होल्टवर चालते. मोटरीला मात्र १२० व्होल्ट पुरतात. अमेरिकी घरात येणाऱ्या दोन भारित तारांपैकी प्रत्येकीचा तटस्थ तारेशी १२० व्होल्टचा फरक असतो, परस्परांत २४० चा. साहजिकच त्यांपैकी एकीचा फ्यूज गेला तर पिंप फिरत राहू शकते, पण उष्णता मुळीच निर्माण होत नाही. गृहस्थ यंत्र उघडून बसतो. दोष असतो भिंतीवरील पेटीत.

ज्या मोठ्या इमारतींत त्रिकला वीजपुरवठा असतो, तेथे २४० ऐवजी २०८ व्होल्ट मिळतात. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेटोळ्याची उष्णता पाऊणपटीवर येते. असे यंत्र बिघडलेले नसते, केवळ मंद असते.

खरा धोका नळीत साचणाऱ्या तंतूंचा. हवेचा मार्ग कोंडला की उष्णता आतच राहते, थर्मोस्टॅट वेटोळे वारंवार बंद करतो आणि अखेर औष्णिक फ्यूज वितळतो. तो एकदाच उपयोगी पडणारा असतो. नळी न झाडता नवा फ्यूज बसविणे म्हणजे रोग ठेवून लक्षण दडपणे होय. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात निवासी इमारतींत ड्रायरमुळे प्रतिवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या. त्यांचे प्रमुख कारण, ३४ टक्के, साफसफाईची हेळसांड हे होते.

आता विजेचा हिशेब. एक किलोग्रॅम पाण्याचे बाष्प करावयास सुमारे दोन-तृतीयांश युनिट ऊर्जा लागते. पिळून काढलेल्या कपड्यांत तीन किलोग्रॅम पाणी उरले असेल, तर त्यासाठीच दोन युनिटे हवीत. नळीतून वाया जाणारी उष्णता निराळी. ही अप्रकट उष्णता टाळता येत नाही, परत मात्र मिळविता येते. उष्णता-पंपाचे ड्रायर बाष्पाचे पुन्हा पाणी करून तेच साधतात, आणि त्यांस निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज पुरते. त्याहून स्वस्त उपाय धुलाई-यंत्रातच आहे : वेगाने पिळून काढलेल्या पाण्याला अप्रकट उष्णता द्यावीच लागत नाही.

दोरीला तर काहीच लागत नाही. तथापि अमेरिकेतील कित्येक वसाहतींच्या नियमांत अंगणातील दोरीला मज्जाव आहे. फ्लॉरिडासारख्या काही राज्यांनी अशी बंदी कायद्याने अवैध ठरविली आहे.