दुभागी रिममधली हवा कशी टिकते
अमेरिकी लष्कराच्या हमव्ही गाडीचा रिम दोन भागांचा, नट-बोल्टांनी जोडलेला असतो. सांध्यातून हवा झिरपू लागली की अनेक जण तिथे सिलिकॉन फासतात. माझ्या मते हा भरवसा चुकीच्या वस्तूवर आहे. हवा अडवण्याचे खरे काम खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कड्याचे, म्हणजे ओ-रिंगचे. नट आवळल्यावर ती थोडी दबते आणि मग टायरमधली हवाच तिला फटीकडे रेटते. दाब वाढेल तशी ती अधिक घट्ट बसते. सिलिकॉनला ही मदत मिळत नाही. उलट त्याचा थर मध्ये अडकला, तर धातूला धातू भिडत नाही आणि बोल्टांची पकड ढिली पडते.

गॅरेजमध्ये कापून बनवलेल्या रिमला खाचच नसते, तिथे सिलिकॉन चालतेच की, असे कोणी म्हणेल. चालते, पण रिम उघडला की सगळे खरवडून पुन्हा लावावे लागते. ट्यूब घालावी, तर हमव्हीच्या टायरमधल्या रनफ्लॅट कड्यामुळे, म्हणजे हवा गेल्यावरही गाडीचा भार पेलणाऱ्या आतल्या कड्यामुळे, तिला जागाच उरत नाही. म्हणून खाचेतला गंज काढा, प्रत्येक जोडणीला नवी ओ-रिंग घाला, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. आणि रिम खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडाच. दाबाखालचे दुभागी रिम उघडताना माणसे दगावली आहेत.