चलन-संग्रहालये

नाणी, चलनी नोटा, हुंड्या, टांकसाळीतील ठसे, वजने, तराजू इ. मूल्यविनिमयाच्या साधनांचा संग्रह, जतन, अभ्यास व प्रदर्शन करणारी संग्रहालये. सर्वसाधारण वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचे दालन असते. परंतु तेथे नाणे हे प्रामुख्याने एखाद्या राजवंशाचा पुरावा म्हणून मांडलेले असते. चलन-संग्रहालयाचा मुख्य विषय पैसा हा असतो. एखादी वस्तू समाज पैसा म्हणून का स्वीकारतो, केव्हा तिच्यावर बट्टा लावतो आणि केव्हा ती नाकारतो, हे तेथील वस्तूंच्या क्रमावरून समजते.

महाराष्ट्रातील संस्था : नासिक–त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज’ ही संशोधनसंस्था व तिचे नाणेसंग्रहालय आहे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत के. के. माहेश्वरी आणि विख्यात नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. भारतीय रिझर्व्ह बँकेने मुंबईत फोर्ट भागातील सर फिरोजशाह मेहता मार्गावर चलन-संग्रहालय उभारले. त्याचे उद्‌घाटन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर २००४ रोजी झाले. पैशाची संकल्पना, भारतीय नाणी, नाण्यांकडून नोटांकडे झालेले संक्रमण, कागदी चलन, प्रचलित चलनाची ओळख आणि रिझर्व्ह बँकेचे कार्य अशा विभागांत त्याची मांडणी करण्यात आली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा महत्त्वाचा संग्रह आहे.

प्राचीन नाणी : कवड्यांसारखी विनिमयसाधने व त्यांनंतर आहत नाणी हा अशा मांडणीचा स्वाभाविक आरंभ होय. आहत नाणी म्हणजे ठराविक वजनाचे चांदीचे तुकडे असून त्यांवर सूर्य, वृक्ष, पर्वत, प्राणी इ. चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी उमटविलेली असतात. त्यांवर राजाचे नाव नसते. महाराष्ट्रात सातवाहनांनी शिसे, पोटीन (तांबे, कथिल व शिसे यांची मिश्रधातू), तांबे व चांदी यांची नाणी पाडली. शिशासारख्या हलक्या मोलाच्या धातूचे नाणे व्यवहारात चालत होते, ही गोष्ट दैनंदिन बाजारपेठेची वाढ सूचित करते. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा व दोन भाषांतील लेख आढळतात. गोदावरीकाठचे पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे सातवाहनकालीन नाणी मिळाली आहेत. भोकरदनचे उत्खनन १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

पुरून ठेवलेल्या नाण्यांचा साठा अभ्यासाच्या दृष्टीने सुट्या नाण्यांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला साठा. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली पर्वत व उज्जयिनी ही चिन्हे पुन्हा उमटविली होती. पराभूत राजाची चांदी न वितळविता तीवर केवळ आपला ठसा मारून नव्या राजाने ती चालू ठेवली, असा याचा अर्थ होतो. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे नासिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात सांगितले आहे. त्याला या साठ्याने स्वतंत्र पुष्टी मिळाली. ही नाणी सापडताच आटविली गेली असती, तर चांदीची एक लगड तेवढी उरली असती.

सत्ता व विश्वास : नाण्याचे मोल राजाज्ञेने ठरविण्याचा मध्ययुगातील प्रसिद्ध प्रयोग मुहम्मद तुघलकाने सु. १३२९–३२ या काळात केला. चांदीच्या टंक्याच्या मोलाची म्हणून त्याने पितळ व तांबे यांची नाणी काढली. दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. सुलतानाची आज्ञा मानणे ही ईश्वराचीच आज्ञा मानणे होय, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता. परंतु त्यांची नक्कल करणे सोपे असल्याने बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला. व्यापारी ती घेईनात आणि अखेर खजिन्यातून सोने-चांदी देऊन ती परत घ्यावी लागली. याउलट शेरशाहने (कार. १५४०–४५) सु. ११·५ ग्रॅम वजनाचा, चांगल्या कसाचा चांदीचा रुपया रूढ केला. पुढील राजवटींनीही तो कायम ठेवला. शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडली. त्यांवरील ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही नागरी अक्षरे म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणाच होय. होन दुर्मिळ आहे, तर शिवराई विपुल आढळते.

अठराव्या शतकात देशभर अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. त्यांचे वजन, कस व झीज पाहून सराफ बट्टा ठरवीत. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकाच प्रमाणाचा रुपया आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले व आणे-पैची जुनी पद्धती मागे पडत गेली.

कागदी चलन : हुंडी ही व्यापाऱ्यांच्या पतीवर चालणारी लेखी आज्ञा असल्यामुळे नोटेच्या आधी तिची मांडणी करतात. आरंभीच्या नोटा बँका काढीत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने हा अधिकार सरकारकडे गेला. सुरुवातीच्या सरकारी नोटांवर एकाच बाजूला मजकूर असे आणि त्या ठराविक चलनमंडळाच्या हद्दीतच वैध असत. टपालातील चोरीच्या भीतीने नोटेचे दोन तुकडे करून एक आधी पाठवीत व पोच मिळाल्यावर दुसरा पाठवीत; जोडलेल्या अशा नोटा संग्रहांत पाहावयास मिळतात. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडल्याने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली. १९२८ पासून नासिक येथे नोटांची छपाई सुरू झाली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ मध्ये निघाली. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर धारकास रक्कम देण्याचे गव्हर्नरचे वचन असते. एक रुपयाची नोट भारत सरकारची असून तीवर अर्थसचिवाची सही असते व असे वचन नसते.

धातूचे मोल व चलनाचे मोल यांची फारकत विसाव्या शतकात पूर्ण झाली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० व १,००० रुपयांच्या तत्कालीन नोटांची वैधता काढून घेण्यात आल्यावर त्याही संग्राह्य वस्तू बनल्या.

हैदराबाद संस्थानचे चलन : मराठवाड्याच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. निजामाच्या राज्यात ‘हाली सिक्का’ म्हणजे चालू नाणे हे स्वतंत्र चलन होते. त्याच्या विसाव्या शतकातील रुपयावर चारमिनारचे चित्र असे. १९१८ पासून संस्थानने स्वतःच्या नोटाही काढल्या. त्यांवर मुख्य मजकूर उर्दूत असून नोटेचे मोल मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांतही दिलेले असे. म्हणजे अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावात राज्यकर्त्याची भाषा न येणाऱ्या शेतकऱ्यालाही, अक्षरओळख असल्यास, नोटेचे मोल वाचता येत होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात आल्यावर ७ हाली रुपये म्हणजे ६ भारतीय रुपये असा दर होता. हैदराबादचे चलन १९५९ मध्ये पूर्णपणे रद्द झाले. मराठवाड्यातील जुनी खतपत्रे, गहाणखते व वह्या वाचताना रक्कम कोणत्या रुपयांत आहे हे पाहिल्याशिवाय तिचे खरे मोल कळत नाही.

जतन व कायदा : नाणे घासून चकचकीत केल्यास त्यावरील संरक्षक पुट व बारीक अक्षरे नष्ट होतात. शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवल्यास लाकडातून निघणाऱ्या आम्लवाफांनी त्यांची पांढरी भुकटी होऊ लागते. सातवाहन नाण्यांचे असे नुकसान सहज होऊ शकते. नोटांना तीव्र प्रकाश व दमट हवा अपायकारक असते. नाण्याबरोबर ते कोठे, कशात व कोणत्या नाण्यांसह सापडले याची नोंद ठेवणे आवश्यक असते; कारण साठ्यातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून तो केव्हानंतर पुरला गेला हे ठरते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. नांगरटीत किंवा घराचा पाया खणताना सापडलेले गाडगे न फोडता, त्यातील नाणी न वाटता वा न आटविता ही सूचना दिली, तर त्या ठेव्याचा पुरावा अभ्यासकांच्या हाती अखंड येतो.