जमीन सिडकोची, नकाशा पालिकेचा

वाशी-नेरूळमध्ये जुनं रो-हाउस पाडून नवं बांधायचं ठरलं, की मालकासमोर पहिला प्रश्न असतो, जायचं कुणाच्या दारात?

कारण नवी मुंबईत जमिनीचा धनी एक आणि बांधकामाला परवानगी देणारा दुसरा. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि तिने हे शहर वसवलं. भूखंड ‘विकत घेतला’ असं लोक म्हणतात; कागदोपत्री तो साधारणपणे 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेला असतो. महापालिका आली 1 जानेवारी 1992 ला, आणि 1994 च्या अखेरीस तिच्या हद्दीतल्या विकसित नोडचं नियोजन तिच्याकडे गेलं. म्हणून नकाशा मंजूर करते पालिका. भूखंड दुसऱ्याच्या नावावर करायचा तर ना-हरकत लागते सिडकोची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना एमआयडीसी गाठावी लागते.

दार सापडलं की काम वास्तुविशारदाचं. नकाशाचे रंगही नियमाने ठरलेले आहेत. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेत, नवं बांधकाम लाल, जे पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेघांत. अर्ज ऑनलाइन जातो. सोबत भाडेपट्ट्याचे कागद आणि संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र. उंच इमारतीला अग्निशमन दलाची ना-हरकत हवी. त्यातच विमानतळ जवळ असल्याने उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचाही होकार पाहावा लागतो. छाननी होते ती डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित नियमावलीनुसार, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘यूडीसीपीआर’नुसार. चटई क्षेत्र किती, चारही बाजूंनी मोकळी जागा किती, वाहनतळ किती, सगळं तिथेच ठरतं.

साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात आहे. मात्र नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. नियम मोडणाऱ्या नकाशाला ही सवलत नाही.

मंजुरीनंतर हातात येतं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ‘सीसी’. त्याची मुदत एक वर्ष. नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. पाया जोत्यापर्यंत आला की तो नकाशाबरहुकूम आहे का, हे तपासलं जातं. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ‘ओसी’.

घर घेणाऱ्यांची गफलत बहुधा इथे होते. सीसी पाहून पैसे भरले जातात, ओसीची चौकशी ताबा घेतल्यावर सुरू होते. सीसी म्हणजे बांधायला सुरुवात करण्याची मुभा. राहायला जाण्याची परवानगी ओसीनेच मिळते. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प विकण्याआधी महारेराकडे नोंदवावा लागतो, आणि त्याची कागदपत्रं संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

दिघ्यात एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनीवर परवानगीविना उभ्या राहिलेल्या 99 इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 2015 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून पाडकाम सुरू झालं, तेव्हा त्यांत घरं घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. घरपट्टीची पावती अशा वेळी कामी येत नाही. कायद्याप्रमाणे बेकायदा बांधकामावरही कर आकारता येतो, वर दंडही. तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.