धुवणाच्या पाण्यावर सोनटक्का

शहागंजच्या बाजारातून भाजी आणली की ती धुवायला दोन-तीन तांबे पाणी लागतेच. ते पाणी आपण मोरीत ओततो. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधून या शहराला पाणी दिले. आपल्या पिढीने मात्र नळाची वाट कित्येक दिवस पाहिली आहे. मग भाजीचे पाणी, तांदळाचे धुवण वाया का घालवावे? त्यावर सोनटक्का लावा.

सोनटक्का मूळचा पूर्व हिमालयाकडचा, हळद-आल्याच्या कुळातला. त्याला ओल प्रिय. पावसाळा सरत आला की संध्याकाळी फुलपाखरासारखी पांढरी फुले उमलतात आणि घरभर सुगंध दरवळतो. फूल दिवसभरच टिकते, पण कळ्या एकामागून एक येत राहतात.

जूनमध्ये पाऊस पडला की डोळा असलेला गड्डा आणा. अंगण नसेल तर तळाला भोके पाडलेला जुना टब चालतो. माती व कुजलेले शेणखत भरून गड्डा आडवा, दोन इंच खोल लावा. सकाळचे ऊन मिळावे. दुपारच्या उन्हाने पाने करपतात. माती ओली राहावी, पण टबाखाली पाणी साचू देऊ नका, डास होतात. साबणाचे किंवा खारट पाणी घालू नका. उन्हाळ्यात रोजचे धुवणच झाडाला तगवते.

फुले सरली की तो दांडा बुडाशी कापा. दोन-तीन वर्षांत गड्डे दाटतात. पावसाच्या तोंडावर ते सुटे करा. एक आपल्याला ठेवा, बाकीचे शेजारणींना वाटा. गल्लीत कुणालाच रोप विकत घ्यावे लागणार नाही.