सुभेदार मेजर साहेब

आपल्याकडे गावात सुट्टीवर आलेला कुठलाही फौजी 'मेजर' असतो. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात त्याला "या मेजर" म्हणूनच हाक पडते, मग तो भरती होऊन दोनच वर्षं झालेला शिपाई का असेना. गंमत अशी की ज्या एका माणसाला आपल्या हुद्द्यात हा शब्द मिळवायला जवळपास सगळी नोकरी घालवावी लागते, त्याचं काम नेमकं काय, हे हाक मारणाऱ्याला सहसा माहीत नसतं. तो माणूस म्हणजे सुभेदार मेजर.

नाशिकला तरी हे माहीत असायला हवं. नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे, तिथे खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांचे गनर घडतात. शेजारी देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, तिथे अधिकाऱ्यांपासून हवालदारांपर्यंत सगळे तोफेचं पुढचं शिक्षण घ्यायला येतात. के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा ९ नोव्हेंबर २०१८ रोजी सैन्यात दाखल झाल्या त्या देवळालीतच. तोफांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तोफेमागची माणसांची उतरंड मात्र कुणी विचारत नाही.

तोफखान्यात शिपायाला गनर म्हणतात. त्यावर लान्स नायक, नायक, हवालदार. एका तोफेचा प्रमुख, म्हणजे 'नंबर वन', साधारण हवालदार असतो. बॅटरी (रेजिमेंटमधली तोफांची तुकडी) हवालदार मेजर आणि रेजिमेंट हवालदार मेजर हे निवडक हवालदारांना मिळणारे नेमणुकीचे मान. हजेरी, ड्युटी, शिस्त त्यांच्याकडे. इथपर्यंत बाहीवरच्या फितीचं राज्य. पुढे खांद्यावर तारा चढतो तो नायब सुभेदाराच्या. या पदाला १९६५ पर्यंत जमादार म्हणत. मग सुभेदार, आणि शेवटी सुभेदार मेजर, ज्याच्या खांद्यावर ताऱ्यांऐवजी अशोकस्तंभाचे सिंह येतात. अठरा तोफांच्या रेजिमेंटमध्ये सुभेदार कितीतरी असतात. सुभेदार मेजर एकच. या पदावर जास्तीत जास्त चार वर्षं, आणि एकूण नोकरी चौतीस वर्षांच्या आत. नशिबाने आणि कामाने साथ दिली तर २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन हे मान येतात.

कागदावर तो कमांडिंग ऑफिसरचा जवानांच्या बाबतीतला सल्लागार. पण कमांडिंग ऑफिसर दोन-अडीच वर्षांत बदलून जातो. सुभेदार मेजर बहुधा त्याच रेजिमेंटमध्ये पोरगेलेपणी आलेला असतो. कुठल्या जवानाच्या घरी जमिनीचा वाद चालू आहे, कोण बहिणीच्या लग्नासाठी कर्जात बुडाला, कुणाची रजा या महिन्यात अडवली तर तो मनातून तुटेल, हे त्याला फाइल न उघडता ठाऊक असतं. लंगरातल्या डाळीची तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि बढतीच्या यादीत कुणाचं नाव का मागे पडलं याची कुजबुजही. कमांडिंग ऑफिसरसमोरच्या सैनिक संमेलनात जवान मोकळेपणी बोलले तर समजावं की सुभेदार मेजरने आधी वातावरण तयार केलं आहे. गप्प बसले तरी त्याचं कारण बरेचदा तोच असतो. हे पद चांगल्या माणसाच्या हाती रेजिमेंट सांभाळतं, आणि कानभरणी करणाऱ्याच्या हाती तिला आतून पोखरतं. अशी दुधारी ताकद सैन्यात दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल.

नवा लेफ्टनंट बावीस-तेवीस वर्षांचा. सुभेदार मेजर त्याच्या बापाच्या वयाचा. सॅल्यूट सुभेदार मेजर करतो, आणि लेफ्टनंट त्याला 'साहब' म्हणतो. एकमेकांना दिलेला हा मान दोघांनी पाळला तरच गाडा चालतो. हुशार लेफ्टनंट पहिल्या वर्षी हुकूम कमी देतो आणि विचारतो जास्त.

हे पद इंग्रजांनी ठेवलं ते सोयीसाठी. हिंदी शिपायांशी हिंदी माणसानेच बोलावं, पण हुकूम गोऱ्याचाच राहावा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हिंदी माणसाची शिडी इथेच संपत असे. अनुभवी सुभेदार मेजरही कालच्या गोऱ्या पोराच्या खालीच. तरी याच शिडीने महाराष्ट्रात जे केलं ते इंग्रजांच्या हिशेबात नव्हतं. महार समाजातले रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार झाले, लष्करी शाळेत त्यांनी शिकवलं. पुढे १८९०च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली आणि ती वाट अडली, पण त्याआधी एका घरात पुस्तकं, वेळापत्रक आणि ताठ मान येऊन बसली होती. २ मार्च १९३० रोजी याच नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो त्या सुभेदाराच्या मुलाच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, नेतृत्वाखाली.

तोफखान्याला स्वतःचा आदर्श हवा असेल तर तो नाशिकरोडच्या उमराव मैदानाच्या नावातच आहे. हरियाणातल्या पालडा गावचे हवालदार उमराव सिंग. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. दीड तास जपानी तोफांचा आणि उखळी तोफांचा मारा, मग पायदळाचा हल्ला. दोन हातबॉम्बनी जखमी झालेल्या उमराव सिंगांनी तोफ सोडली नाही. साथीदार पडत गेले, गोळ्या संपल्या, तेव्हा त्यांनी तोफ उचलण्याचा लोखंडी दांडा हातात घेतला. सहा तासांनी ते तोफेशेजारी बेशुद्ध सापडले, आजूबाजूला दहा जपानी सैनिक मरून पडलेले. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी पुन्हा डागली गेली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोफखान्यात निशाणाचा मान तोफेलाच असतो, म्हणून ही गोष्ट प्रत्येक रिक्रूटने ऐकावी अशी.

मला मात्र त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पदक मिळालं म्हणून ते घरी बसले नाहीत. स्वतंत्र भारताच्या तोफखान्यात त्यांनी नोकरी केली, सुभेदार मेजर झाले आणि ऑनररी कॅप्टनचा मानही त्यांना मिळाला. शौर्य सहा तासांचं होतं. सुभेदार मेजर व्हायला कित्येक वर्षं रोजची गिनती, रोजची तोफेची साफसफाई आणि पोरांची रडगाणी ऐकणं लागलं. २१ नोव्हेंबर २००५ रोजी ते वारले.

आता प्रश्न सुभेदार मेजर घडवणाऱ्या या वर्षांचाच आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवलं जातं. योजनेच्या बाजूने आणि विरोधात बरंच बोललं गेलं: पेन्शन, नोकऱ्या, सरासरी वय. सुभेदार मेजर कुठून येणार, हे त्यात फारसं कुणी विचारलं नाही. तरुण सैन्य हवंच. पण जवानाला ओळखणारा माणूस चार वर्षांत तयार होत नाही आणि बाहेरून थेट नेमताही येत नाही. तो राहिलेल्या चौथ्या हिश्श्यातूनच यायचा आहे. म्हणून कोणाला ठेवायचं हे ठरवताना धावण्याच्या वेळेइतकंच, हा पोरगा शेजारच्या खाटेवरच्याची विचारपूस करतो का, हेही बघितलं पाहिजे. २०२३ मध्ये शपथ घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्यांमधला एखादा अग्निवीर सुभेदार मेजर होईल तो २०५०च्या आसपास, आणि त्याची निवड चौथ्या वर्षीच होते.