उभ्याने काढलेला एक्स-रे

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : एमआरआयच्या रिपोर्टात ‘लिस्थेसिस, ग्रेड वन’ आलंय. आता स्क्रू टाकावेच लागणार का?

बहुतेक वेळा नाही. मणक्यांमधली गादी सरकणं वेगळं; इथे अख्खा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे घसरतो. ग्रेड वन म्हणजे जास्तीत जास्त पाव भाग. पन्नाशीनंतर, त्यातही बायकांमध्ये, सांधे झिजून कमरेचा चौथा मणका सरकतो. कोवळ्या वयात पाचव्याच्या मागच्या कमानीला चीर जाते आणि त्यातून तो सरकू शकतो. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांना हा धोका अधिक. तिरप्या एक्स-रेत ही कमान हुबेहूब कुत्र्यासारखी दिसते आणि त्याच्या गळ्यात पट्टा दिसला, की तीच चीर! मल्लखांबावर कमान टाकणाऱ्या मुलाची कंबर आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर ‘लचक भरली’ म्हणून सोडून देऊ नका.

मणका घसरण्याचा हा विकार पहिल्यांदा टिपला तो एका प्रसूतितज्ज्ञाने. १७८२ मध्ये बेल्जियन डॉक्टर हर्बिनो यांनी बाळाची वाट अडवणाऱ्या हाडाच्या उंचवट्याची नोंद केली. एक्स-रे यायला तेव्हा शंभरावर वर्षं होती! पुढे १८५४ मध्ये किलियान नावाच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मायरडिंग यांनी ग्रेड ठरवले. रिपोर्टात आजही मायरडिंग असतात, हर्बिनो कुठेच नसतात. हा अन्यायच आहे.

एमआरआय आडवं झोपवून काढतात आणि झोपल्यावर काहींचा मणका परत जागेवर जातो. म्हणून उभ्याने, मग पुढे आणि मागे वाकून काढलेला साधा, स्वस्त एक्स-रे हवाच. तो न बघता ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

अमेरिकेत ५०० शाळकरी मुलांची तपासणी झाली. चीर सापडलेल्यांचा ४५ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा त्यांची कंबर चारचौघांपेक्षा फारशी वेगळी दुखत नव्हती. झिजेमुळे मणका सरकलेल्या २६७ रुग्णांवरचा नॉर्वेचा अभ्यास २०२१ मध्ये आला : नुसता नसेवरचा दाब काढलेले रुग्ण दोन वर्षांनी स्क्रूवाल्यांच्या तोडीस तोड होते. मणका फार हलत असेल किंवा घसरण मोठी असेल, तर स्क्रू लागतात. एरवी आधी काही महिने फिजिओथेरपी नेटाने करावी.

मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता थेट मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा.